सारथी यानातच बसतो

समजा, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्या एसटीपुढे बैल आडवा आला आणि ब्रेक लावण्याआधी चालकाने आगाराची परवानगी घ्यायची. निरोप जायला साडेबारा मिनिटे, उत्तर यायला तितकीच. एवढ्या वेळात गाडी थेट बदनापूरला पोचायची! मग बैलाचे काय झाले असेल, हे सांगायला नको.

24 सप्टेंबर 2014 रोजी भारताच्या मंगळयानापुढे नेमकी हीच अडचण होती. यान सुमारे 22 कोटी किलोमीटर दूर होते आणि रेडिओ संदेशाला एका बाजूने साडेबारा मिनिटे लागत होती. वेग पुरेसा कमी झाला नसता तर यान मंगळाला ओलांडून निघून गेले असते. फारच कमी झाला असता तर मंगळावरच कोसळले असते. त्यात ऐन वेळी ते ग्रहाच्या आड जाणार होते. तेव्हा बंगळुरूहून हाकणे अशक्यच!

म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी सर्व आज्ञा सुमारे दहा दिवस आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवल्या. सकाळी 7 वाजून 17 मिनिटांनी यानाने स्वतःच इंजिन पेटवले. ही खबर पृथ्वीवर आली साडेसातला. वेग किती घटला याचा हिशेब यानातील त्वरणमापक ठेवत होता. इंजिन सुमारे 24 मिनिटे चालवण्याचा बेत होता. पण सेकंदाला 1099 मीटर इतका वेग घटताच, 1388 सेकंदांनी, ते बंद झाले. घड्याळापेक्षा हिशेब मोठा ठरला.

ही हुशारी आधीही कामी आली होती. 11 नोव्हेंबर 2013 रोजी, यान पृथ्वीभोवती फिरत असताना एका चाचणीत मुख्य इंजिनाचा इंधनपुरवठा थांबला. तेव्हा यानाने आपणहून छोट्या इंजिनांकडे काम सोपवले. वेग सेकंदाला 130 मीटरने वाढायचा होता, वाढला 35 मीटरने. उरलेली कसर दुसऱ्या दिवशी भरून काढली.

यानाला स्वतःची बुद्धी नसते, वाचकहो. काय काय बिघडू शकेल, याचा विचार माणसांनी आधीच करून ठेवलेला असतो. सहा महिन्यांसाठी पाठवलेले हे यान 2022 पर्यंत टिकले. लांबच्या प्रवासाला निघालेल्या मुलाला घरचे काय देतात? चार पैसे आणि पुष्कळशा सूचना. पुढचे निर्णय त्याचे त्यालाच घ्यावे लागतात.