गर्भस्रावानंतर कोणत्या तपासण्या?

आठव्या आठवड्यात पहिला गर्भ गमावलेली एक तरुणी सासूबाईंसह माझ्याकडे आली. जाडजूड फाईलमध्ये सर्वांत वर 'टॉर्च'चा अहवाल होता, त्यातील दोन आकड्यांभोवती लाल वर्तुळे. "डॉक्टर, हिच्यात काय दोष आहे?" हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. सून मान खाली घालून बसली होती.

व्यवसायबंधूंची क्षमा मागून सांगतो, त्या वर्तुळांना काही अर्थ नव्हता. टॉक्सोप्लाझ्मा वा रुबेलाची आयजीजी प्रतिपिंडे ही जुन्या संसर्गाची किंवा लसीची खूण. गर्भस्रावाचे कारण त्यांतून सिद्ध होत नाही. तरी ही तपासणी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते.

निदान झालेल्या शंभर गर्भधारणांपैकी सुमारे १० ते १५ पहिल्या तिमाहीत संपतात. त्यांतील निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो आणि तो बहुधा योगायोगानेच घडतो. जिना चढणे वा नोकरीवर जाणे यांचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून पहिल्या स्रावानंतर हिमोग्लोबिन व रक्तगट यांपलीकडे सहसा काही लागत नाही. रक्तगट हवा, कारण आरएच निगेटिव्ह स्त्रीला अँटी-डी द्यायचे की नाही हे त्यावरून ठरते.

सखोल शोध केव्हा? युरोपातील 'एश्रे' ही संस्था दोन गर्भस्राव पुरेसे मानते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत व्याख्या तिनाची आहे. मी स्वतः दोनांनंतर थांबत नाही. सर्वांत मोलाची तपासणी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, कारण तिथे उपचार आहे: अल्प मात्रेत ॲस्पिरिन आणि हेपॅरिन. मात्र एखाद्या साध्या संसर्गानेही ही प्रतिपिंडे तात्पुरती वाढतात. म्हणून १२ आठवड्यांनी फेरतपासणी केल्यावाचून निदान पक्के करू नये. हा काळ जोडप्याला फार जड जातो, हे मी पाहिले आहे. सोबत टीएसएच आणि गर्भाशयातील पडदा पाहण्यासाठी त्रिमितीय सोनोग्राफी. रक्तातील 'एनके' पेशींच्या महागड्या तपासणीची शिफारस मी करीत नाही.

दुसऱ्यांदा स्राव झाल्यास गर्भाच्या ऊतींची गुणसूत्र-तपासणी करता येते. पण नमुना सलाईनमध्ये पाठवावा. सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकला, तर पेशी मरतात व त्यांची वाढ करता येत नाही.

सासूबाईंना मी एवढेच सांगितले, की दोष सुनेचा नाही आणि आणखी तपासण्या नकोत. फॉलिक ॲसिड लिहून दिले. पुन्हा केव्हा, असे त्यांनी विचारले. "एक पाळी येऊन जाऊ द्या, पुढचे ती दोघे ठरवतील," मी म्हणालो.