चुकण्याचीही ऐपत लागते!

परवा संध्याकाळी वस्तीतील एक मुलगा आमच्या घरी आला. जयभीम केला आणि गप्प बसून राहिला. मुलगा विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकतो. चहाचा कप रिकामा झाला तेव्हा कुठे त्याला बोल फुटला. त्याचा शिष्यवृत्तीचा ऑनलाईन अर्ज राहून गेला होता. आधारला जोडलेला मोबाईल नंबर वडिलांचा. वडील ऊसतोडीला गेलेले. शेवटच्या दिवशी रात्री ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर गेला, आणि तो मोबाईल कोपीत चार्जिंगअभावी बंद पडलेला. अकरा वाजता नेटकॅफेवाल्याने शटर ओढले. मुदत वाढेल असे सगळेच सांगत होते. ती वाढली नाही.

"काका, आठ दिवस आधीच भरायला पाहिजे होता. पण त्या आठवड्यात आम्ही पोरं मोबाईलवर क्रिकेटच बघत बसलो," असे तो म्हणाला. मग मान खाली घालून हळूच म्हणाला, "आता यंदा राहू द्या. कामाला लागतो. पुढच्या वर्षी बघू."

हे 'पुढच्या वर्षी बघू' आम्ही फार वेळा ऐकले आहे. असे म्हणणारी बरीच मुले पुढच्या वर्षी विद्यापीठात दिसत नाहीत.

क्रिकेटवरून त्याला चार शब्द सुनवावेत असे आमच्या मनात आले होते. पण आमचेच दिवस आठवले आणि आम्ही गप्प बसलो. आम्ही वसतिगृहात होतो तेव्हा एका खोलीत चौघे जण आणि गजराचे घड्याळ एकच. गजर वाजला की ज्याच्या उशाशी घड्याळ तो झोपेतच बंद करी आणि चौघेही निवांत घोरत पडत. एकदा दहाच्या पेपरला आम्ही धापा टाकत साडेदहाला पोहोचलो. एकदा हॉल तिकीट शर्टाच्या खिशात राहिले आणि शर्टाबरोबर बादलीत भिजून त्याचा लगदा झाला. ग्रंथालयाचे पुस्तक आम्ही मित्राला दिले, त्याने त्याच्या मित्राला दिले, आणि वर्षअखेरीस 'नो ड्यूज'च्या सहीसाठी त्या पुस्तकाच्या शोधात आम्ही तीन वसतिगृहे पालथी घातली. मेसचे बिल थकले की सगळ्यांसमोर नाव पुकारले जाई, म्हणून जेवायला मागच्या दाराने जात असू. रात्री चहाच्या टपरीवर 'बुद्ध की मार्क्स' हा वाद रंगे. वाद मिटेपर्यंत दोन वाजत. सकाळच्या पहिल्या तासाला मग आमच्यातील बुद्धवादीही नसत आणि मार्क्सवादीही नसत!

विद्यार्थीदशेत हे सगळे व्हायचेच. वीस-बावीस वर्षांचे पोर घड्याळासारखे चालत नसते. श्रीमंताचे चालत नाही, तसे गरिबाचेही चालत नाही. मग फरक कुठे पडतो?

आमच्याच मजल्यावर एका डॉक्टरांचा मुलगा राहत होता. तो आमच्याइतकाच उशिरा उठे, टपरीवर आमच्याइतकाच बसे. एका वर्षी त्याचे दोन विषय गेले. वडील येऊन रागावले, खासगी शिकवणी लावून गेले. पुढच्या परीक्षेत गडी सुटला. त्याच वर्षी आमच्या खोलीतील एका मित्राचेही दोनच विषय गेले. त्याची शिष्यवृत्ती थांबली. शिष्यवृत्ती थांबली म्हणून मेसचे बिल थकले, बिल थकले म्हणून खोली गेली. पत्र्याची पेटी घेऊन तो गावी गेला, तो परत आलाच नाही. आम्हाला इंग्रजी व्याकरण शिकवलेले त्याने. दोघांचा गुन्हा एक, शिक्षा मात्र वेगवेगळी!

प्रस्थापितांच्या घरात मुलाची चूक पचवायला वडिलांचा पगार असतो, शहरात मामाचे घर असते, कार्यालयात ओळखीचा कारकून असतो. आपल्या मुलाच्या पाठीशी शिष्यवृत्तीचा एक हप्ता असतो, आणि तोही वेळेवर येत नाही. जातीच्या दाखल्यावर नाव एक, गुणपत्रिकेवर दुसरे, आधारवर तिसरे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये, जातपडताळणी समितीकडे, खाते बँकेत. एवढ्या दारांपैकी एका दारात जरी पाय घसरला तरी वर्ष गेले समजा. चुकण्याचीही ऐपत लागते, आणि ती ऐपत जातीव्यवस्थेने आपल्याला दिलेली नाही.

हे आमच्या मनाचे खेळ आहेत असे कोणाला वाटत असेल तर त्याने 2024 सालची घटना आठवावी. उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. 24 जूनला संध्याकाळी पाचपर्यंत साडेसतरा हजार रुपये भरायचे होते. पैशांची जमवाजमव होईपर्यंत घड्याळ पुढे गेले आणि काही मिनिटांनी जागा हुकली. अनेक दारे ठोठावून पोरगा शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. 30 सप्टेंबरला न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. काही मिनिटांच्या उशिरासाठी देशातील सर्वात मोठे न्यायालय गाठावे लागले! किती मुले तिथपर्यंत पोहोचू शकतात?

अशा वेळी आपण मुलांना बाबासाहेबांचे उदाहरण देतो. द्यायलाच हवे. पण आपण फक्त अठरा तासांचा अभ्यास सांगतो आणि बाकीचे सांगायचे विसरतो. बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला पोहोचले. तेव्हा तेही तरुणच होते. सुरुवातीचे काही दिवस मित्रांच्या संगतीत, हसण्या-खेळण्यात गेले, आणि मग आपण इथे कशासाठी आलो आहोत याचे भान येऊन त्यांनी स्वतःला अभ्यासात झोकून दिले, असे चरित्रकार सांगतात. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ दुसऱ्या बोटीने पाठवले, तर महायुद्धात ती बोटच बुडाली. 1923 साली डी.एस्सी.च्या प्रबंधावर परीक्षकांनी हरकत घेतली. मुंबईत बसून त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 1917 साली लंडन सोडताना विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी दिली होती. दार उघडे ठेवले होते! मग सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून वाचवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज घेऊन 1920 साली बाबासाहेब त्या दारातून पुन्हा आत गेले. बाबासाहेबांची जिद्द अफाट होती यात शंकाच नाही. पण दार बंद झाले असते आणि मित्राचा हात आखडला असता, तर त्या जिद्दीलाही किती अडचण झाली असती, याचा विचार समाजाने करायला हवा.

आता थोडे आपल्याकडे वळू. बोलणे कडू लागेल, पण घरातलेच आहे. आपण आपल्या विद्यार्थ्याला वापरतो. वर्गणीची पावतीपुस्तके त्याच्या हातात, बॅनर बांधायला तोच, मोर्चात घोषणा द्यायला तोच. चौदा एप्रिल विद्यापीठाच्या परीक्षांच्या तोंडावर येतो आणि सहा डिसेंबर हिवाळी परीक्षांच्या. जयंतीच्या आधी पंधरा दिवस पोरगा रात्रभर मांडवात असतो आणि निकाल लागला की आपणच म्हणतो, "काय रे, बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे!" सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम अनेक ठिकाणी होतो, तो चांगलाच आहे. आम्हीही एकदा त्यात बसलो होतो आणि नवव्या तासाला पुस्तकावर डोके ठेवून झोपलो होतो. पण वर्षातील एका दिवसाच्या अठरा तासांपेक्षा रोजचे चार तास कोणी मोडणार नाही, एवढी व्यवस्था वस्तीने केली तरी पुष्कळ झाले.

विद्यार्थ्यांनाही आमचे सांगणे आहे. मित्रांनो, क्रिकेट बघा, टपरीवर बसा, हसा-खिदळा. तो तुमचाही हक्क आहे. पण तुमच्या पायाखालची फळी अरुंद आहे हे विसरू नका. अर्जाची शेवटची तारीख ही पहिली तारीख समजा. अन् चूक झालीच तर लाजून गावी जाऊ नका, कोणाला तरी येऊन सांगा.

सांगायला कोणीतरी असले मात्र पाहिजे. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या अर्जांसाठी ठेवता येणार नाही का? नोकरीतील आपले बांधव तिथे दोन तास बसू शकणार नाहीत का? जयंतीच्या वर्गणीतील एक वाटा अडल्यानडल्या विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी बाजूला काढता येणार नाही का? एका रात्रीच्या डीजेचे पैसे वाचवले तर वस्तीतील किती मुलांचे वर्ष वाचेल, याचा हिशेब मंडळांनी एकदा मांडावा.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्या विभागात घेऊन गेलो. शुल्काचे हप्ते पाडून द्यावेत असा अर्ज दिला. पहिल्या हप्त्यासाठी तिघा-चौघांनी मिळून पैसे जमवले. वडिलांच्या जागी त्याचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घेतला. तो सध्या तासांना जातो आहे. पुढचे हप्ते अजून बाकी आहेत, आणि आम्हाला आणखी दोन हात हवे आहेत.

जयभीम!