मुलाखतीत आपणही विचारायचं
नर्सिंगच्या नोकरीला हो म्हणण्याआधीचे सात प्रश्न

जीएनएम, एएनएमचा निकाल लागला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या आपल्या मुली फाईल घेऊन मुलाखतींना निघतात. कोणी म्हापशाला, कोणी कोल्हापूरला, कोणी रात्रीच्या गाडीने मुंबईला. मुलाखत संपताना मेट्रन विचारतात, "तुला काही विचारायचंय?" बहुतेक मुली "नाही" म्हणतात. घरून निघताना आईने बजावलेलं असतं, "गप रव, जास्त इचारू नको, हातची नोकरी जायत."

आईची भीती आम्हाला कळते. फीसाठी घरातलं काही ना काही गहाण पडलेलं असतं. तरीही हा विषय आरोग्याच्या पानावर आम्ही मुद्दाम घेतला आहे. सिस्टर लोकांची कंबरदुखी, सुई टोचल्यानंतरची धास्ती, रात्रपाळीने उडालेली झोप, दिवस गेल्यावर सुटलेली नोकरी, यातलं बरंचसं त्या पंधरा मिनिटांत न विचारल्यामुळे वाट्याला येतं. नोकरीच्या अटी या आपल्या तब्येतीच्याच अटी असतात.

१. "सुई टोचली तर काय व्यवस्था आहे?" हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ते रुग्णालय देतं का, हे विचारा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. म्हणून रात्री दोन वाजता ते औषध कुठे मिळेल आणि कोणाला कळवायचं, हे आधीच माहीत हवं.

२. "ड्यूटी किती तासांची? रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर असतात?" आठ तास की बारा, रिलीव्हर आली नाही तर डबल ड्यूटी पडते का, तिचे पैसे किंवा बदली सुट्टी मिळते का, नाईटनंतर सुट्टी असते का, हे नीट विचारून घ्या. पेशंटला उचलायला, कूस बदलायला दुसरं माणूस नसेल, तर पाठ आपलीच जाते.

३. "माझी नेमणूक कोणत्या पदावर, आणि कामं कोणती?" कागदावर स्टाफ नर्स आणि प्रत्यक्षात आयाचं काम, असं आपल्या मुलींच्या बाबतीत घडतं. कुठलंही काम हलकं नसतं. पण साफसफाईची पाळी ठरावीक मुलींच्याच वाट्याला येत असेल, तर त्यामागे काय आहे ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कामं लिहून घेतलेली असली की बोलायला आधार राहतो.

४. "कपडे बदलायची खोली कुठे आहे?" हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. केईएमच्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं. म्हणून खोलीला आतून कडी आहे का, रात्री येण्याजाण्याची सोय काय, हे विचारायचंच. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. समितीत कोण आहे तेही विचारा. नातेवाईकांनी अंगावर हात टाकला, तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांनाही संरक्षण देतो.

५. "हातात किती पडतील?" खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २० हजारांच्या खाली पगार नसावा आणि २०० हून जास्त खाटा असतील तर तो सरकारी परिचारिकेइतका असावा, अशी शिफारस तिने केली. ती शिफारस आहे, सगळीकडे पाळली जात नाही. पण आकडा ठाऊक असला की बोलणं खालून सुरू होत नाही. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफचं विचारा. दहा किंवा जास्त असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर ईएसआयचंही विचारा.

६. "बाळंतपणाची रजा कशी मिळते?" पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या याच हक्काची बाजू मांडली होती. मुलाखतीत उलट तुम्हालाच "लग्न कधी?" असं विचारलं, तर शांतपणे सांगा, "त्याने माझ्या ड्यूटीत अडचण येणार नाही."

७. "मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता का? बॉण्ड आहे का?" मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत घ्यायचे. बॉण्डवर सही करण्याआधी तो घरी आणून कोणाला तरी वाचायला द्या. एजन्सीमार्फत नेमणूक असेल तर पगार कोण देणार, ते विचारा. गोव्यात जाणार असाल तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं आधी बघून घ्या.

आता त्यांच्या एका प्रश्नाबद्दल. "गाव कुठलं?" इथवर ठीक. पुढे "वाडी कुठची?" असं आलं की रोख कुठे आहे ते आपल्याला कळतं. राखीव जागेच्या सरकारी भरतीत जातीचा दाखला द्यायचा, तो हक्काचा कागद आहे. खासगी मुलाखतीत वाडी सांगायचं बंधन नाही. "तालुका मालवण. कामाबद्दल काही विचारायचं असेल तर सांगते," एवढं उत्तर पुरे. आणि सांगावंसं वाटलं तर मान वर करून सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सातही प्रश्न एका दमात विचारू नका. आधी कामाचे, मग सुरक्षिततेचे, शेवटी पगाराचे. तिथल्या ड्यूटीवरून सुटलेली एखादी सिस्टर कँटीनमध्ये किंवा बसथांब्यावर भेटली, तर निम्मी उत्तरं तिच्याकडेच मिळतील. उरलेले तीन प्रश्न कागदावर लिहून फाईलमध्ये ठेवा. वही काढून उत्तर टिपून घेतलं तर त्यात उद्धटपणा नाही. पेशंटची माहिती आपण तशीच टिपतो. जे तोंडी कबूल झालं ते नेमणूकपत्रात आलंय का, ते सही करण्याआधी वाचा.

सुई टोचण्याबद्दल विचारल्यावर कपाळाला आठी पडत असेल, तर सुई टोचल्यावर तिथे काय होईल याचा अंदाज तेव्हाच घ्या. गरजेपोटी ती नोकरी घ्यावीही लागेल, आम्ही दोष देणार नाही. पण मग लस बाहेरून टोचून घ्या, जवळच्या सरकारी रुग्णालयात ते औषध मिळतं का बघून ठेवा आणि दुसरीकडे अर्ज चालू ठेवा.