एक परार्ध माणसांचे राज्य

समजा, एका बादशहाने ठरवले, की आपल्या राज्यातल्या प्रत्येक जगाच्या कारभाराला फक्त एक मिनिट द्यायचे. झोप नाही, जेवण नाही, सणवार नाही, आजारपण नाही. एक मिनिट संपले की पुढचे जग. आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ या कादंबरीतल्या बादशहाने असे केले, तर यादीच्या शेवटाला पोहोचायला त्याला साडेसत्तेचाळीस वर्षे लागतील. त्याच्या राज्यात माणसांची वस्ती असलेले ग्रहच जवळपास अडीच कोटी आहेत. पंचविशीत सिंहासनावर बसलेल्या माणसासमोर शेवटच्या ग्रहाचा कागद येईल, तेव्हा त्याची सत्तरी उलटून गेलेली असेल, आणि पहिल्या ग्रहावर तोवर दोन पिढ्या बदललेल्या असतील.

ही कादंबरी अवकाशयानांची म्हणून वाचली जाते. माझ्या मते ती सत्तेच्या गणिताची कादंबरी आहे. तिच्यातले आकडे कागदावर मांडून पाहिले, की राज्य म्हणजे नेमके काय, हे एखाद्या राज्यशास्त्राच्या ग्रंथापेक्षा लख्ख दिसते.

१ ऑगस्ट १९४१ या दिवशी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून २१ वर्षांचा असिमोव्ह संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला निघाला होता. हाती नवी कथा नव्हती. काहीतरी सुचावे म्हणून त्याने जवळचे गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांचे पुस्तक मधेच उघडले. एका पहारेकऱ्यापुढे गुडघे टेकलेल्या परीराणीचे चित्र समोर आले. त्यावरून शिपाई, शिपायावरून साम्राज्य, आणि साम्राज्यावरून रोमच्या ऱ्हासाचा गिबनने लिहिलेला इतिहास, जो त्याने दोनदा वाचलेला होता. कॅम्पबेलच्या खोलीत पोहोचेपर्यंत रोमचे साम्राज्य आकाशगंगेएवढे झाले होते. पहिली कथा मे १९४२ मध्ये मासिकात आली, आणि १९५१ ते १९५३ या काळात कथांची तीन पुस्तके झाली.

आता त्या राज्याची शिरगणती करू. अडीच कोटी ग्रह. प्रत्येकावर सरासरी ४०० कोटी माणसे धरू, म्हणजे १९७०च्या दशकाच्या मध्याला आपल्या पृथ्वीवर होती तेवढी. गुणाकार केला की एकावर सतरा शून्ये येतात. या संख्येला आपल्याकडे नाव आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी चढत जाणारी संख्यांची यादी आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट, आणि अठरावी, शेवटची पायरी म्हणजे परार्ध. एकावर सतरा शून्ये. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. बाराव्या शतकातली त्यांची यादी जिथे थांबते, तिथेच आकाशगंगेच्या राज्याची शिरगणती जाऊन टेकते. हा जुळून आलेला योगायोगच आहे, कारण सरासरी मी धरलेली आहे. तरी तो पाहून मी बराच वेळ त्या सतरा शून्यांकडे बघत बसलो.

या परार्ध माणसांवर राज्य करणारी राजधानी म्हणजे ट्रँटर. असिमोव्ह सांगतो, की या ग्रहाची सगळी जमीन, साडेसात कोटी चौरस मैल, म्हणजे एकच अखंड शहर आहे. लोकसंख्या ४,००० कोटींहून अधिक. वाचताना डोळ्यांपुढे मुंबईच्या लोकलसारखी गर्दी उभी राहते. पण भागाकार करा. साडेसात कोटी चौरस मैल म्हणजे सुमारे १९ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. दर चौरस किलोमीटरला माणसे येतात २०६. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती, आणि त्यात मेळघाटचे जंगलही आले, माणदेशातली माळरानेही आली. म्हणजे विश्वाची ही राजधानी आपल्या राज्यापेक्षा विरळ वस्तीची! मुंबईची दाटी त्या ग्रहावर पसरली, तर तिथे सुमारे ४ लाख कोटी माणसे मावतील. असिमोव्हला १९५१ मध्ये ४,००० कोटी हा आकडा अफाट वाटला, आणि त्याने तो भागून पाहिला नाही. मी हा दोष मानतो, पण क्षुल्लक मानतो. कारण त्याच ४,००० कोटींचा दुसरा भागाकार फार मोलाचे काही सांगून जातो.

४,००० कोटींना अडीच कोटी ग्रहांनी भागा. उत्तर १,६००. एका जगामागे राजधानीत १,६०० माणसे, आणि तीही तान्ह्या पोरांसकट. एकट्या मुंबई महापालिकेचे कर्मचारी लाखाच्या आसपास असतात. इथे ४०० कोटींच्या एका सबंध ग्रहासाठी राजधानीत एखाद्या लहान गावाएवढी वस्ती आहे. २५ लाख लोकांमागे एक माणूस! ग्रहांवर सुभेदार आणि स्थानिक अधिकारी होतेच. पण केंद्राचा हात म्हणून जो म्हणतात, तो एवढाच. ट्रँटरची जवळजवळ सारी लोकसंख्या कारभारात गुंतलेली होती आणि तरी ती अपुरी पडत होती, असे असिमोव्हने स्वतःच लिहिले आहे. इथे त्याची नजर अचूक होती.

सत्ता जितकी पसरते तितकी ती पातळ होते. हे कल्पनेतले नाही, आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ३० कोटींच्या हिंदुस्थानचा गाडा इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे हजारएक अधिकारी हाकत होते. तीन लाखांमागे एक साहेब. खालचे सगळे काम मामलेदार, पाटील, कुळकर्णी, तलाठी आणि शिपाई करत. म्हणजे राज्य चालत होते ते आपल्याच माणसांच्या हातांनी, आणि ते चालणारच, या समजुतीवर. ही समजूत ढळली तेव्हा काय झाले, हे सातारा जिल्ह्याने दाखवले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात अनेक गावांचे तंटे सोडवले आणि न्यायनिवाडे केले. साहेब जिल्ह्याच्या गावी बसलेलाच होता. गावांनी त्याच्याकडे बघणे सोडले होते.

‘फाउंडेशन’मधले राजकारण याच धाग्यावर उभे आहे. आकाशगंगेच्या टोकाला टर्मिनस नावाचा ग्रह, तिथे सुरुवातीला जवळपास एक लाख माणसे. परार्धात लाख म्हणजे लाख कोटींत एक. त्या ग्रहावर खनिजे नाहीत, आरमार नाही. शेजारच्या ॲनाक्रिऑन राज्याकडे लढाऊ जहाजे आहेत, पण अणुशक्तीचे ज्ञान तिथे लोपले आहे. टर्मिनसचा महापौर सॅल्व्हर हार्डिन ते ज्ञान शेजाऱ्यांना देतो, मात्र धर्माच्या वेष्टनातून. यंत्रे चालवणारे तंत्रज्ञ तिथे पुरोहित होतात. पुढे ॲनाक्रिऑनचा कारभारी चढाईचा हुकूम देतो, तेव्हा त्याच्याच सेनानौकेवरचा मुख्य पुरोहित जहाजाला शाप देतो, आणि दिवे विझतात. टर्मिनसकडून एक गोळीही सुटत नाही. कुठल्या तारेवरून सत्ता वाहते हे ज्याला कळले, त्याला सैन्य बाळगण्याची गरज उरत नाही. धर्माच्या जागी पुढे व्यापार येतो, एवढाच फरक.

अन्नाची बाजू तर अंगावर येते. ट्रँटरवर शेत नाही. वीस शेतकी ग्रहांवरून रोज हजारो जहाजे धान्य घेऊन येतात. माणशी अर्धा किलो धरले, तरी रोजचे दोन कोटी टन होतात. भारताचे वर्षाचे अन्नधान्य उत्पादन २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या घरात होते. ते ट्रँटरला १७ दिवसही पुरणार नाही. वीस हजार जहाजे धरली, तर प्रत्येकाने रोज हजार टन आणायला हवे. आपल्याकडे गव्हाची एक मालगाडी अडीच हजार टनांच्या आसपास वाहते, म्हणजे हा हिशेब बसतो. पण जहाजे एक आठवडा अडली तर? रोमचे हेच झाले. आफ्रिकेचा गहू समुद्रावरून यायचा, आणि इसवी सन ४३९ मध्ये व्हँडल टोळ्यांनी तिथले कार्थेज घेतले, तेव्हा त्या गव्हाची किल्ली त्यांच्या हाती गेली. ट्रँटरही शेवटी लुटले जाते. नंतर तिथले शेतकरी शहराचे धातूचे कवच उपटून त्याच्या बदल्यात बी-बियाणे आणि गुरे घेतात. या कादंबरीतले मला सर्वांत खरे वाटणारे चित्र हेच.

हा ऱ्हास हॅरी सेल्डन हा गणिती आधीच पाहतो. बारा हजार वर्षांचे साम्राज्य पडेल, आणि मग तीस हजार वर्षे, म्हणजे हजार पिढ्या, अंधार. आपल्या मागे बारा हजार वर्षे गेलो, तर माणूस नुकता कुठे शेतीकडे वळत होता. सेल्डनला तो अंधार एक हजार वर्षांवर आणायचा आहे. त्याचे शास्त्र, सायकोहिस्टरी, वायूच्या गतिसिद्धांतावर बेतलेले आहे. असिमोव्ह रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता. एक रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण फुग्यातल्या हवेचा दाब बरोबर सांगता येतो.

इथे परार्धाची गंमत पुन्हा येते. एका घन सेंटिमीटर हवेत सुमारे २७० परार्ध रेणू असतात. म्हणजे आकाशगंगेतली सगळी माणसे एकेका रेणूएवढी केली, तर ती मोहरीच्या दाण्याएवढ्या हवेत मावतील. तेवढ्याशा हवेचेही नियम पक्के असतात. शंभर नाणी उडवली तर छापा-काट्यात निम्म्यापासून पाचएकांचा फरक सहज पडतो, शंभरात पाच. परार्ध नाणी उडवली तर फरक सोळाएक कोटींचा पडेल, पण तो साठ कोटींत एक एवढा बारीक. गर्दी वाढते तशी अनिश्चितता विरत जाते.

फक्त, नाण्याला शेजारचे नाणे कसे पडले हे कळत नाही. माणसाला कळते. तो शेजाऱ्याचे बघून घोषणा देतो, अफवा पुढे ढकलतो, रांग बघून रांगेत उभा राहतो. माणसे एकमेकांना ओढतात, तेव्हा हे सरासरीचे गणित मोडते. असिमोव्हला याची जाणीव होती, म्हणून त्याने दोन अटी घातल्या: लोक अगणित हवेत, आणि आपले भाकीत झाले आहे हे त्यांना माहीत नसावे. शिवाय त्याने म्यूल हा माणूस उभा केला, लोकांची मने वळवणारा, कुठल्याच गणितात न बसणारा. एका रेणूने मोहरीएवढी सगळी हवा हलवली.

दुसऱ्या अटीशी मात्र माझे जमत नाही. एक परार्ध माणसांचे भवितव्य मूठभर जाणत्यांनी ठरवायचे आणि त्यांना ते कळूही द्यायचे नाही, ही कल्पना कितीही दयाळू हेतूने मांडली तरी ते राज्यच झाले, आणि तेही जाब न देणारे. बादशहाच्या कारभाराविरुद्ध ट्रँटरवर निदान कुजबुज करता येत होती. सेल्डनच्या योजनेविरुद्ध कुणाकडे जायचे? तीस हजार वर्षांचे दुःख वाचवण्यासाठी हजार वर्षांचे मौन लादणे मला मान्य नाही.

असिमोव्हने ही हजार वर्षे पुरी लिहिलीही नाहीत. १९८२ आणि १९८६ मध्ये त्याने पुढच्या दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि कथा पाचशेव्या वर्षापर्यंत आणली. मग तो मागे, सेल्डनच्या तरुणपणाकडे वळला. ६ एप्रिल १९९२ रोजी तो वारला. योजनेची उरलेली पाचशे वर्षे त्याच्या हातून लिहायची राहिली.