रात्रीत चढणारा गंज

पावसात रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीची ब्रेक डिस्क सकाळी तांबूस-नारिंगी दिसते. आदल्या दिवशी ती आरशासारखी चकाकत असते. हा गंज काही तासांत चढतो आणि गाडी रस्त्याला लागल्यावर पहिल्या पाच-सहा ब्रेकांत निघूनही जातो. त्या वेळी ऐकू येणारी खरखर म्हणजे पॅड तो थर खरवडत असल्याचा आवाज. नवी गाडी घेतलेल्यांचा जीव त्या आवाजाने उगाचच टांगणीला लागतो.

मोटारीची डिस्क सहसा बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बीडात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झटपट वाहून नेतात आणि कंपने जिरवतात. धावती गाडी थांबते तेव्हा तिची गतिज ऊर्जा उष्णता होऊन मुख्यतः डिस्कमध्येच उतरते; घाट उतरताना तर सतत. हे काम इतक्या स्वस्तात करणारा दुसरा धातू नाही. गंज ही त्या निवडीची किंमत आहे. डिस्कच्या मधल्या टोपीला आणि कडांना काही कंपन्या संरक्षक लेप देतात, पण पॅड जिथे घासतो तिथे साधा रंग पहिल्याच दिवशी निघून जाईल.

त्याच पावसात शेजारी उभ्या असलेल्या मोटरसायकलची डिस्क मात्र चकाकत राहते, कारण ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. स्टेनलेस स्टील बीडापेक्षा उष्णता कमी वाहून नेते. दुचाकीचे वजन कमी आणि डिस्क उघड्या वाऱ्यात, म्हणून तिथे ते चालून जाते.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. त्यासाठी पाऊसच पडायला हवा असे नाही; दमट हवेत डिस्कवर दव धरले तरी पुरते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर घट्ट बसून आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि फुगीर असतो, त्यामुळे खालच्या धातूपर्यंत ओल पोचतच राहते. समुद्राकाठच्या हवेतले मीठ या क्रियेला वेग देते. म्हणून मुंबई, कोकण आणि गोव्यात तीच गाडी लवकर गंजते.

खरा प्रश्न गाडी उभी राहण्याचा आहे. आठवडे-महिने गाडी हललीच नाही, तर गंज खोल जाऊन डिस्कवर खड्डे पडतात. पॅड टेकलेला असतो तिथे ओल अडकून त्याचा ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक दाबताना पायाखाली थरथर जाणवते. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत गंज नजरेआड राहतो. ओला हँडब्रेक ओढून ठेवला, तर लायनर ड्रमला चिकटून चाक जाम होते. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा निवडावी, गिअर टाकून चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडून द्यावा.

विजेच्या गाड्यांत हा त्रास वाढतो. वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते आणि बॅटरीही भरते, पण पॅड क्वचितच घासल्यामुळे डिस्क साफ होत नाही. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांच्या मागच्या चाकांना बंदिस्त ड्रम दिले, त्यामागे हेही एक कारण आहे. जुने तंत्र असे मागच्या दाराने परत आले.

गंज घालवायला डिस्कवर तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. पॅडने ते शोषले की ब्रेक लागत नाहीत. गाडी धुतल्यावर लगेच उभी न करता एक फेरी मारून, मागे कोणी नाही हे पाहून चार-पाच वेळा ब्रेक दाबावेत. डिस्क गरम होऊन कोरडी पडते. रोज चालणाऱ्या गाडीला एवढे पुरते. पन्नासेक किलोमीटर चालवूनही खरखर थांबली नाही, किंवा ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढू लागली, तर चाक खोलून पाहायला हवे. डिस्कची जाडी त्याच वेळी मोजून घ्यावी. किती झिजेपर्यंत ती वापरता येते, तो आकडा बहुतेक डिस्कांवर कोरलेला असतो.