कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

कीबोर्डवरची कळ अक्षर पाठवत नाही, पाठवते फक्त एक क्रमांक. आयबीएम पीसीच्या जुन्या पद्धतीत इंग्रजी 'ए'ची कळ दाबल्यावर ३० आणि सोडल्यावर १५८ हा संकेत जातो. त्याचे अक्षर करते ऑपरेटिंग सिस्टीम, तेही निवडलेल्या लेआउटप्रमाणे. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर ओकाराची मात्रा येते. फोनेटिक पद्धत वापरली तर आणखी एक प्रोग्रॅम मध्ये येतो आणि रोमन अक्षरांवरून देवनागरी शब्द सुचवतो. टेक्स्ट एडिटरचा क्रम या सगळ्यांनंतर लागतो.

त्यामुळे टायपिंग बिघडले की आधी शोधायचे ते बिघाडाचे ठिकाण. तीच कळ दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नीट चालत असेल, तर कीबोर्ड आणि लेआउट बहुधा ठीक असतात. लिनक्सच्या एक्स विंडो प्रणालीत 'एक्सइव्ही' नावाचे छोटे साधन प्रत्येक कळेचा संकेत छापून दाखवते. तिथे संकेत बरोबर दिसला, तर तपास एडिटरच्या आत न्यायचा. काय आले, एडिटरने त्याचा काय अर्थ लावला आणि मजकुरात काय बदलले, या तीन गोष्टींची नोंद ठेवली की चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते कळते.

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरांत एस्केपची कळ हमखास गोंधळ घालते. तिचा संकेत २७. वरच्या बाणाचा संकेत मात्र बहुधा २७, ९१, ६५ असा तिहेरी असतो. नुसता २७ आला तर एडिटरला क्षणभर वाट पाहावी लागते. ही मुदत जास्त ठेवली तर एस्केप रेंगाळते. फार कमी ठेवली तर मंद नेटवर्कवर बाणाचे तुकडे पडतात आणि मजकुरात भलतीच अक्षरे घुसतात. विमसारख्या एडिटरमध्ये ही मुदत बदलता येते.

ब्राउझरमधल्या एडिटरात फोनेटिक टायपिंगचा त्रास वेगळा. सुचवलेला शब्द निवडायला एंटर दाबावे, तर शब्द उमटतो आणि नवी ओळही सुरू होते. अशा वेळी नोंदीत अनेकदा २२९ हा आकडा दिसतो. शब्द अजून जुळवला जात असल्याची ती खूण. एडिटरने ती पाहिली नाही, म्हणून एकच एंटर दोनदा मोजले गेले.

एक कळ म्हणजे एक अक्षर हे गृहीतकही मराठीत टिकत नाही. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि ७ दाबले की 'क्ष' येतो, पण युनिकोडमध्ये तो क, हलन्त आणि ष असा तीन घटकांचा असतो. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक घटकाला तीन बाइट, म्हणजे एकूण नऊ. बॅकस्पेसने फक्त ष पुसून 'क्' उरणे ही रूढ पद्धत आहे; पण एकच बाइट पुसली गेली तर तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. बाणाची कळ मात्र पूर्ण जोडाक्षर ओलांडून गेली पाहिजे. ती मध्येच थांबली, तर कर्सर सरकवणारा कोड तपासायचा.

दोष दुरुस्त झाल्यावर तो घडवणारा कळांचा क्रम स्वयंचलित चाचणीत घालतात. चाचणी तेच संकेत पुन्हा पाठवते आणि तयार झालेला मजकूर घटकागणिक ताडून पाहते. पडद्यावर अक्षर बरोबर दिसले एवढ्यावर विसंबून राहत नाहीत.