पुस्तक आहे, पण कुठे?

‘पुस्तक बाहेर गेलंय’ हे उत्तर वाचनालयाच्या सभासदाला फारसे कडू लागत नाही. गेलेले पुस्तक कधीतरी परत येते. खरी पंचाईत होते ती ‘पुस्तक आहे, पण सापडत नाही’ या उत्तराने. आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या पडताळणीला मी बरीच वर्षे जातो आणि दर खेपेला एकच गोष्ट नव्याने पटते : ज्याची नीट नोंद नाही, ते पुस्तक असून नसल्यासारखे!

काम दिसायला रूक्ष. एकाने कपाटापुढे उभे राहून दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत त्या आकड्यापुढे खूण करायची. आठ-दहा दिवस हा पाठ चालतो. मग बिनखुणेचे आकडे देवघेवीच्या नोंदींशी आणि बाइंडरकडच्या यादीशी ताडायचे. त्यातूनही जे उरते, त्यापुढे ‘गहाळ’ असा शेरा पडतो. तो शेरा काही वर्षे टिकला, की समितीच्या ठरावाने पुस्तक वहीतून कमी होते.

एका वर्षी अशा यादीत एका घराण्याचा कुलवृत्तांत होता. त्या घराण्यातले एक निवृत्त मास्तर दोनदा येऊन रिकाम्या हाताने परतले होते. त्यांच्या घरची प्रत वाळवीने खाल्ली होती. ठराव पुढच्याच सभेत यायचा होता. पण आमच्या ग्रंथपालबाई हट्टाला पेटल्या. मागच्या खोलीत मुखपृष्ठे आणि पहिली पाने गळालेल्या पुस्तकांचा ढीग होता. दाखल क्रमांक आत एका ठरावीक पानावरही घातलेला असतो. बाईंनी एकेका पुस्तकाचे ते पान उघडायला लावले. तिसऱ्या दिवशी क्रमांक जुळला. मास्तरांनी पुस्तक उभ्या उभ्याच उघडले आणि वंशावळीत बोटाने आजोबांचे नाव शोधले.

पडताळणी पुस्तक आहे की नाही ते सांगते. ते वाचकाच्या हाती पडायचे, तर तालिका चांगली हवी. आणि इथे मराठी साहित्यिकांनी ग्रंथपालांची चांगलीच परीक्षा घेतली आहे. राम गणेश गडकरी नाटके लिहितात गडकरी म्हणून, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून! एकाच माणसाची पुस्तके तीन खणांत विखुरली, तर वाचकाने जायचे कुठे? म्हणून ‘गोविंदाग्रज : गडकरी पाहा’ असे जोडपत्र घालावे लागते. ‘कुसुमाग्रज’ मागणाऱ्याला शिरवाडकरही भेटतात, ते अशाच पत्राच्या कृपेने.

मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली विषयांना दशांश आकडे दिले. त्या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. आपल्या रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले एक सांगते, की वाचकाचा वेळ वाचवा. तालिकेचे सारे मर्म त्यात आले.

हाच न्याय दप्तरखान्यांना. पुण्यातले पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे ते कागद अभ्यासकांच्या टेबलावर आले. शंकर गणेश दाते यांनी तर १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी ग्रंथांची सूची केली, आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. आज यंत्रावर क्षणात शोध लागतो खरा. पण यंत्राला ठाऊक असते तेवढेच, जेवढे कुणीतरी पुस्तक हातात घेऊन नोंदवलेले असते.

घरी दोनशे पुस्तके असली, तरी एक शंभर पानी वही पुरे. क्रमांक, लेखक, नाव, कुठल्या फळीवर, आणि शेवटी एक रकाना : ‘कुणी नेले’. हा शेवटचा रकाना मात्र जरा रुंद आखावा!